नक्की कुठे हसलात?

माझे वडील गेले, त्या दिवशी उधवा गावातल्या एका लग्नात माझ्या मित्राचं गाणं वाजत होतं. तो डहाणूच्या चिकूवाड्यांमधले पंप दुरुस्त करतो. मोटर चालते पण पाणी येत नाही, एवढ्याच गोष्टीवर त्याने गिटार बडवत मिनिटभर आरडाओरडा केला आणि ते रॉक गाणं मोबाईलवरून तलासरीपर्यंत पोचलं. वडील ते रोज लावायला सांगत. त्याला स्वतःला मात्र लोक ते ऐकून का हसतात, हे कोडंच वाटे. भेटेल त्याला विचारायचा, "भाऊ, नक्की कुठे हसलात? सगळंच आवडलं असं नका सांगू, जागा दाखवा."

सुतकात तो भेटायला आला. हळूच मला म्हणाला, "काका कुठल्या जागी हसायचे?"

"अरे, काही वेळकाळ?" आत्या कडाडली.

मी म्हणालो, "गाणं थांबल्यावर. 'संपलंसुद्धा?' म्हणायचे आणि हसत सुटायचे."

"तिथे तर काहीच नाहीये."

"म्हणूनच." मला हसू आलं आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच रडूही.

आता ते गाणं कुणी लावत नाही. वडील कुठे हसायचे, हे आम्हा दोघांना ठाऊक आहे.