उसाकाठची शाळा

शेजारच्या फडात सकाळीच ऊसतोडीची टोळी शिरली आणि माझ्या शाळेचा मुहूर्त तिथेच बिघडला. शाळा म्हणजे आमची मधली खोली, आणि विद्यार्थी दोन: तिसरीतला थोरला नि पहिलीतली धाकटी. पिंपरी पेंढारच्या शिवारात आमची वस्ती. गावातल्या शाळेची वाट दोन्ही बाजूंच्या उसातून जाते. वरच्या वस्तीवरून बिबट्यानं वासरू ओढून नेलं, तेव्हापासून आम्ही आयांनी पोरं घरीच ठेवली होती. बाई मोबाईलवर अभ्यास पाठवायच्या, मी तो करून घ्यायची.

नवऱ्याला ही शाळा मान्य नव्हती. पोरं चाकणला आपल्या बहिणीकडे ठेवावीत, तिथल्या शाळेत घालावीत, असं त्याचं चाललेलं. "तिथं कंपन्या हायेत, ऊस नाय," एवढाच त्याचा मुद्दा. मी ऐकत नव्हते. माझ्या कुशीत शिरल्याशिवाय झोपत नाहीत अशी पोरं दुसऱ्याच्या दारात कशी धाडायची? मी बारावी झालेय, ऊस तुटेपर्यंत घरीच शिकवीन, असं ठणकावून सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "बघू. पर काय इपरीत व्हायच्या आत बघू."

पण ऊस तुटला की वाघ जातो, असं थोडंच आहे. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. एकाचा फड मोकळा झाला की तो दुसऱ्याच्या फडात सरकतो. त्या दिवशी शेजाऱ्याचा तुटत होता आणि त्याला लागून आमचा उभा होता. टोळीचा मुकादम दारावरून जाताना सांगून गेला, "वैनी, पोरं आत घ्या. मघाशी उसाच्या वाळल्या पाचटात कायतरी हाललं. तुमच्या उसाच्या अंगाला गेलं."

मी दाराला कडी घातली आणि पुस्तकं काढली. थोरला हातच्याची वजाबाकी चुकला तशी त्याच्यावर खेकसले. चूक त्याची, पण राग होता उसावर. तो म्हणाला, "आई, तू माझ्याकडं बगतच नाय." खरंच होतं, मी खिडकीबाहेर बघत होते. धाकटीनं बदकाचं चित्र काढून दाखवलं, तेही मी न बघताच छान म्हटलं.

आमचा एक नियम होता. संडास अंगणाच्या टोकाला. चारी बाजूंनी पत्रे, वर छप्पर नाही, मागे कुंपण आणि कुंपणाला लागून ऊस. पोराला जायचं असलं की मी काठी घेऊन अंगणात मधोमध उभी राहायची, म्हणजे घरातल्या दुसऱ्यावरही लक्ष राहतं. आतल्यानं पाढा म्हणायचा, अगदी खणखणीत. माणसाच्या आवाजाला वाघ बिचकतो हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. शिवाय पोर दिसत नसलं तरी आवाजानं माझा जीव थाऱ्यावर राहायचा. वर पाढेही पाठ होत होते. माझ्या या अकलेचं मलाच भारी कौतुक होतं.

दुपारी धाकटीच्या पोटात कळ आली. तिला आत सोडून मी मधोमध उभी राहिले. "तीन एके तीन, तीन दुणे सहा, तीन त्रिक नऊ." आवाज छान येत होता. "तीन चोक बारा," म्हणाली आणि थांबली.

विसरली असेल म्हणून मी ओरडले, "तीन पाचे?" उत्तर नाही. नावानं हाक मारली. उत्तर नाही. कुंपणापलीकडे पाचट वाजलं.

मी पळत गेले, पत्र्यावर काठी बडवली, दार ओढलं. आतून कडी होती, ती खिळ्यासकट उपटून आली. पोरगी कोपऱ्यात उभी होती, दोन्ही हात तोंडावर दाबून. तिला काखोटीला मारून मी घरात पळाले, दार लावलं आणि पहिल्यांदा तिच्या पाठीत धपाटा घातला. मग तिला मिठीत घेऊन ढसाढसा रडले. थोरला पाण्याचा तांब्या घेऊन नुसता उभा.

"आवाज का बंद केला गं?"

ती मुसमुसत म्हणाली, "तुला माझा आवाज येतो, मंग त्यालाबी येत आसंल ना? मी हितं हाय ते त्याला कळू नाय दिलं."

उसात काय वाजलं ते मला आजही माहीत नाही. कुत्रंही असेल. पण सहा वर्षांची पोर दारातल्या दारात श्वास कोंडून लपत होती, आणि मी मात्र पोरं माझ्याजवळ सुखात आहेत म्हणून नवऱ्याशी भांडत होते. मला माझीच चीड आली.

नवरा जेवायला आला. ताट वाढता वाढता मीच म्हटलं, "ताईंना फोन लावा. पोरं धाडू." तुटलेली कडी त्यानं येतानाच पाहिली होती. एरवी टोमणा मारायची संधी न सोडणारा माणूस, पण त्या दिवशी सरळ हात धुऊन त्यानं फोन लावला.

संध्याकाळी मी दोघांची दप्तरं भरत होते. धाकटीचा चेहरा उतरलेला पाहून म्हटलं, "आत्याकडं संडास घरातच हाय. तिथं पाढा म्हनायचा नाय. गप बसलीस तरी चालंल."

तिनं आपली अंकलिपी माझ्या हातात दिली.

"मंग मी हाय का नाय, ते तुला कसं कळनार?"