मावशीच्या हाताखालची डोकी

"नायटा!" मी एवढ्या जोरात म्हणालो की मावशीच्या पार्लरमधल्या सगळ्या बायका आधी माझ्याकडे वळल्या, मग तिच्या हातांकडे. डॉक्टरकी शिकताना त्वचारोग विभागात मी नुकताच जायला लागलो होतो. खाज आणि खपल्या दिसल्या की दुसरं काही सुचत नसे. "लागण होते हं," अशी वर पुस्तीही जोडली. आठवड्याभरात खुर्च्या ओस.

हे पार्लर मावशीनं एकटीनं उभं केलेलं. शिवणकामाची कात्री ठेवून चाळिशीत तिनं केसांची कात्री धरली. मला वाटलं, आता आपली काही धडगत नाही. पण ती कुलूप लावून थेट आमच्या ओपीडीत येऊन बसली.

"ह्यानं निदान केलंय," ती आम्हाला शिकवणाऱ्या डॉक्टर मॅडमना म्हणाली, "आता तुम्ही करा."

मॅडमनी खपल्या खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. बुरशीचा मागमूस नव्हता. मग मावशीच्या पाठीवर निरनिराळ्या रसायनांच्या पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवसांनी काढल्या, तर केसांच्या रंगाची जागा लालबुंद!

"अ‍ॅलर्जी आहे. कुणाला लागायची नाही. पण उघड्या हातानं रंग लावणं बंद."

"हातमोजे घातले की केस हाताला कळत नाहीत हो."

"मग रंगच सोडा."

मावशीनं मनात हिशेब केला. अर्धं पार्लर रंगावरच चालायचं.

"द्या मोजे," ती म्हणाली.

"विद्यार्थ्यांना तुमचे हात दाखवू?"

"खुशाल. पण जो बघेल त्यानं माझ्याकडे केस कापायला यायचं. मुलगा असो की मुलगी."

झालं! आमची बॅच एकेक करून येऊ लागली. मावशी प्रत्येकाला काचेजवळच्या खुर्चीत बसवी. "एप्रन राहू दे रे, काढू नकोस. रस्त्यावरून दिसला पाहिजे."

समोरची औषधवाली दोन दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी तीच आत आली. "डॉक्टर लोक डोकी देतायत, मग मी कशाला घाबरू?" तिच्यामागून बाकीच्या. आता कुणी नवी आली की मावशी कानामागे रंगाचा ठिपका लावून तिला परत पाठवते, दोन दिवसांनी बोलावते. कुणी कुरकुरली, तर म्हणते, "माझी पाठ बघायचीय का?"

बॅचमधला एकटा मी उरलोय. माझ्याकडून तिला केस नकोत, त्या 'नायट्या'बद्दल मिशी हवीय. काल दारातूनच ओरडली, "डॉक्टरसाहेब, वस्तरा वाट बघतोय!"

परीक्षा जवळ आल्याचं सांगून मी सध्या पलीकडच्या फुटपाथनं जातो.