हात लावला, तर चालवायचं

आज सकाळी आमच्या जुळे सोलापूरच्या सोसायटीत बुद्धिबळाची स्पर्धा होती. माझ्यासमोर दहा वर्षांची सान्वी. तिनं वजिराला हात लावला, मग घाबरून उंट उचलला.

मी म्हटलं, "वजीरच चालव." फुटबॉलमध्ये हात लागला की शिट्टी वाजतेच ना?

तिची आई म्हणाली, "काकू, लहान हाय, सोडा की!"

मी सोडलं नाही. वजीर गेला, सान्वी हरली, रडत घरी गेली. दुपारपासून या ग्रुपवर मला बोलणी बसताहेत, म्हणून इथंच सांगते.

सत्तरच्या दशकात इथल्याच सात रस्ता चौकाजवळच्या स्पर्धेत मी एकटीच मुलगी होते. घरच्या देशी नियमानं मी राजाला घोड्यासारखी उडी मारायला लावली. पंचांनी ती चाल रद्द केली आणि हात लावला म्हणून राजाच हलवायला लावला. मी हरले.

लोक ओरडले, "पोरगी हाय, सोडा की!"

पंच म्हणाले, "आज सोडलं, तर उद्या ती जिंकल्यावरही म्हणाल, पोरगी म्हणून सोडलं."

पुढच्या वर्षी मी तिथंच जिंकले. एकानंही तोंड उघडलं नाही.

आत्ताच दार वाजलं. पट काखेत मारून सान्वी उभी. "आज्जी, परत मांडा. आणि सोडायचं नाही."

आता बोला!