सोफ्याला टेकून

घर सजवायचं काम आलं की मी आधी तिथे चहा प्यायला जाते. माणसं बसतात कुठे, ते बघायचं असतं. नवव्या मजल्यावरच्या सुनंदाताईंनी मला सोफ्यावर बसवलं आणि स्वतः नवऱ्याबरोबर खाली, खिडकीजवळ, त्याच सोफ्याला पाठ टेकून मेथी निवडायला बसल्या.

“सोफा जरा मोठा हवा. हा पुरत नाही,” त्या म्हणाल्या.

“कुणाला?”

“आल्यागेल्याला. आम्ही कुठे बसतो त्याच्यावर?”

आपल्याकडे हे असंच. सगळ्यात चांगली जागा पाहुण्यांसाठी राखायची आणि आपण तिला टेकून आयुष्य काढायचं. पण ती दोघं खाली किती निवांत होती. हळू आवाजात बोलत एकमेकांच्या पुढ्यातल्या काड्या उचलत होती. घरातली शांतता अशी आवडत्या कोपऱ्यात आधीच बसलेली असते; मी फक्त तिच्या वाटेतलं सामान हलवते.

मी सोफाच काढला. खिडकीखाली बुटकी बैठक केली, दिवा हाताशी येईल इतका खाली आणला.

काम संपल्यावर गेले, तेव्हा दोघं बैठकीवर होती. सुनंदाताई थोड्या सरकल्या आणि त्यांनी मेथीची अर्धी जुडी माझ्यापुढे ठेवली.