नुमेरियुसचे कान

आमच्या डोंगरावरच्या गावात पुजारी एक आणि पूजेला पावा वाजवणाराही एकच. त्या पावेवाल्याचं नाव नुमेरियुस. त्याच्या नि माझ्या घरात एकच भिंत आहे, तीही इतकी पातळ की त्याच्याकडची मसूर तळाला लागली की मी इकडून ओरडते. देवळाच्या पायऱ्यांशी मी दशम्या विकते, चीज घालून तमालपत्रावर भाजलेल्या. म्हणजे घरीही शेजार त्याचाच आणि धंद्यावरही त्याचाच. मी, म्हणजे या लोलियाने, काय काय सोसलंय ते तिचं तिलाच ठाऊक.

दिसायला म्हणाल तर काडी. गाल मात्र फुगून फुगून इतके सैल झालेले की तोंड मिटलं तरी लोंबायचे. पण कान! पूजेत यजमान अंगावर गुंडाळलेला टोगा डोक्यावरून ओढून घेतो, ते वाईट काही डोळ्यांना दिसू नये म्हणून. आणि वाईट काही कानांवर पडू नये म्हणून पावा असतो. पावा थांबला आणि तेवढ्यात कुणी शिंकलं, कुत्रं रडलं, की झालं. पूजा वाया, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून नुमेरियुसला अपशकुन सगळ्यांच्या आधी ऐकावा लागायचा. खालच्या वळणावर खेचरवाला शिव्या देत चढायला लागला की आम्हाला पत्ता नसायचा, आणि इकडे याच्या पाव्याचा आवाज चढलेला. खेचरवाला देवळापाशी पोचेपर्यंत त्याची एकही शिवी यजमानाच्या कानी पडायची नाही.

"माझ्या पाव्याखाली गाढवसुद्धा गाडलं जातं," असं तो छाती काढून सांगायचा. छाती नव्हतीच, पण काढायचा.

त्यावर त्याची बायको हेल्विया म्हणायची, "अख्ख्या डोंगरावरचं ऐकतो मेला. फक्त बायकोचं ऐकू येत नाही."

हेल्विया गोल, बसकी, हसरी. ती लोकर कातत बोलत राहायची आणि हा पाव्याच्या तोंडाशी बसवायची पत्ती तासत हुं हुं करायचा. माझा नवरा गेला तेव्हा याच दोघांनी मला महिनाभर जेवू घातलं. तेव्हा मी त्यांना बोलते ते हक्काने बोलते.

मग तो हिवाळा आला आणि हेल्विया खोकायला लागली. कोरडा, दुहेरी खोकला. एक मोठा आणि त्याच्या मागून एक बारीक. महिना गेला तरी थांबेना. ती वाळत चालली. तिने कातणं सोडलं, मग बोलणंही सोडलं. नुमेरियुस एकटाच सालूसदेवीच्या देवळात गेला. आरोग्य तिच्या हाती. दाराच्या चौकटीला हात लावून तो नवस बोलला: ही उठली तर तुला पांढरी डुकरीण देईन.

बदाम फुलले आणि हेल्विया उठली. खोकला गेला. पहिल्याच दिवशी तिने मला बोलावून सांगितलं, "तुझ्या दशम्यांत मीठ कमी असतं, लोलिया. आजारात कळलं." मी तिला शिवी दिली आणि घरी येऊन रडले.

आता नवस फेडायचा. तो तसाच ठेवला तर देवी दिलेलं परत नेते, हे आमच्याकडे पोरांनाही माहीत असतं. पण इथेच घोडं अडलं. यजमान नुमेरियुस. प्रार्थना त्याने म्हणायची. मग पावा कुणी वाजवायचा? एका तोंडाने दोन्ही कसं होणार?

"तू फुंक, मी म्हणते," हेल्विया म्हणाली.

"नवस मी बोललोय."

"हो, माझ्यासाठी डुकरीण बोललास. कधी एक चांगली शाल बोलला नाहीस."

शेवटी तिबूर शहरातून सेप्पियुस नावाच्या पावेवाल्याला बोलावलं. त्याने वाजवून दाखवलं. नुमेरियुसने डोळे मिटून ऐकलं आणि दात दुखत असल्यासारखं तोंड केलं.

"पत्ती जुनी आहे त्याची," तो मला हळूच म्हणाला.

"तुझीही बायको जुनीच आहे. चालतंय ना?" मी म्हटलं.

आणि प्रार्थना! उभा जन्म वेदीपाशी गेला, पण याला एक ओळ पाठ नव्हती. कशी असणार? आयुष्यभर स्वतःच्याच पाव्याखाली ती गाडली गेलेली. शब्द चुकला तरी पूजा वाया. म्हणून पुजारी तिटिनियुस शिकवायचा, हेल्विया घोकून घ्यायची आणि भिंतीपलीकडे ऐकून ऐकून माझीच पाठ झाली.

पूजेच्या सकाळी गाव लोटलं. वर्षानुवर्षं ज्याने सगळ्यांचे अपशकुन झाकले त्याचा नवस, कोण घरी बसेल? नुमेरियुसने टोगा डोक्यावर ओढला. मी दशम्यांचं ताट घेऊन वेदीशेजारी उभी, हेल्विया माझ्या पलीकडे, धूप घेऊन. "जिभा आवरा!" अशी हाळी झाली. सेप्पियुसने पावा तोंडाला लावला. नुमेरियुसने खारट पीठ डुकरिणीच्या पाठीवर शिंपडलं आणि तो म्हणू लागला. एक शब्द अडखळला नाही. मला त्याचा अभिमान वाटला.

आणि सेप्पियुसची पत्ती फुटली.

फस्स् झालं आणि पावा गप्प. त्याच क्षणी वारा फिरला, धुपाचा लोट हेल्वियाच्या तोंडावर आला आणि ती खोकली. एक मोठा, मागून एक बारीक. तोच खोकला.

दुसरा कुठलाही आवाज असता तरी चाललं असतं. नवी डुकरीण आणून पूजा पुन्हा केली असती. पण जे दुखणं देवीने नेलं म्हणून आम्ही आभार मानायला आलो, तेच तिच्या वेदीपाशी बोललं. याचा अर्थ एकच होता: देवीने हेल्वियाला सोडलेलं नाही. हेल्वियाने पदर तोंडाशी धरला. तिच्या डोळ्यांत मी कधी पाहिली नव्हती अशी भीती होती.

मी नुमेरियुसकडे पाहिलं. चेहरा टोग्यात होता, पण हात दिसत होते. त्याची बोटं हवेत पटापट मिटत होती, समोर नसलेल्या पाव्याची भोकं दाबत.

तिटिनियुसने हात वर केला. "थांबा. यजमानाने ऐकलं असेल तर हा अपशकुन. त्याने ऐकलं नसेल तर काही झालेलंच नाही. नुमेरियुस, काय ऐकलंस?"

त्या टोग्याखाली डोंगरावरचे सगळ्यात तिखट कान होते आणि सगळ्या गावाला ते माहीत होतं.

"मला काही ऐकू आलं नाही," नुमेरियुस म्हणाला.

"नक्की?"

तो पुन्हा बोलण्याआधी हेल्वियाच पुढे झाली. "अहो तिटिनियुस, त्याला माझं आजवर कधी ऐकू आलंय का?"

आधी कुणीतरी मागे फिसकन हसलं, मग सगळं गाव हसलं. तिटिनियुसच्याही मिशा हलल्या असत्या, पण तो दाढीबरोबर मिशाही रोज उतरवतो. त्याने हात खाली केला. सेप्पियुसने नवी पत्ती बसवली, प्रार्थना पुढे झाली, डुकरीण पडली, तिचं काळीज निरोगी निघालं, म्हणजे शकुन चांगला. दुपारी सगळ्यांनी मांस चापून खाल्लं. यजमानाने मात्र एक घास हातात धरला तो धरलाच.

उन्हाळा बरा गेला. द्राक्षं उतरवून झाली आणि थंडी पडली. एका सकाळी भिंतीपलीकडून खोकला आला, एक मोठा, एक बारीक. त्याच्यावर लगेच पावा सुरू झाला, चढ्या आवाजात. त्या दिवसापासून हेच चाललंय. ती खोकते, तो वाजवतो. कधी कधी तर तिचा श्वास अडकायच्या आतच हा फुंकायला लागतो.

काल तो माझ्या घरातल्या भट्टीपाशी येऊन उभा राहिला. गाल आणखीच लोंबले होते.

"लोलिया, त्या दिवशी तू अगदी वेदीला लागून होतीस."

"होते."

"तुला... काही ऐकू आलं होतं का?"

माझी जीभ गावाला माहीत आहे. कालची दशमी मी कालचीच म्हणून विकते, मग गिऱ्हाईक जावो नाहीतर राहो. मी पीठ मळता मळता म्हटलं, "आलं होतं की. तुझं पोट गुरगुरत होतं. उपाशी ना तू?"

तो हसला. हसता हसता त्याने डोळे पुसले. तेवढ्यात भिंतीपलीकडे हेल्विया खोकली. पीठ मळणारा माझा हात थांबला.

"काय?" तो म्हणाला.

"कुठे काय," मी म्हटलं. "जा, पावा घे. आणि जरा जोरात वाजव रे, मलाही ऐकू येता कामा नये."