भाऊंचा आउटबॉक्स

“मुरू दे,” म्हणत भाऊ खुर्ची मागे ढकलायचे, दोन्ही हातांची बोटं कडाकडा मोडायचे आणि कीबोर्डवर पिवळं फडकं टाकायचे. फडकं पडलं की समजायचं, आज आमच्या कारखान्यात कुणाचा तरी राग उतरला.

काही कळलं नाही ना? मलाही सुरुवातीला कळलं नव्हतं. सांगते. माझ्या तोंडात तसाही तीळ भिजत नाही.

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत आमचा कारखाना. कापडाच्या रंगात लागणारी पावडर आम्ही बनवतो. भाऊ डिस्पॅचला होते, म्हणजे ड्रम कुठल्या गाडीत चढले आणि कुठे गेले हे त्यांनी बघायचं. मी परचेसला. आमच्या दोघांत काचेचं एक पार्टिशन. त्याच्यामुळे मला पगाराशिवाय रोजचं नाटक फुकटात बघायला मिळायचं. भाऊंची अंगकाठी अशी, की शर्ट हँगरवरून काढायचाच राहिलाय असं वाटावं. चष्मा दोरीला, दोरी गळ्यात, आणि तरीही दिवसातून चारदा, “चष्मा पाहिलात का कुणी?”

त्यांच्या कॉम्प्युटरवर ई-मेलचा एक जुनापुराणा प्रोग्राम होता. त्यात मेल लिहून ‘सेंड’ दाबलं तरी ती जायची नाही. आउटबॉक्स नावाच्या खणात जाऊन बसायची. मग वरचं दुसरं बटण दाबलं, की खणातलं सगळं एकदम रवाना. बाकी लोक दोन्ही बटणं पाठोपाठ दाबून मोकळे व्हायचे. भाऊंनी मात्र त्या दोन बटणांच्या मधल्या जागेत संसार थाटला होता.

कुणी चिडून आलं की भाऊ आधी त्याला स्टुलावर बसवायचे. मग बेसिनवर जाऊन हात धुवायचे, अगदी पूजेला बसावं तसे. “बोल. कुणाला लिहायचं?”

“थेट मालकांना!”

“उत्तम.” आणि मालकांचा खराखुरा पत्ता टाकायचे. मी एकदा म्हटलं, “भाऊ, अहो खोटा पत्ता टाका की. चुकून गेली तर?”

“खोट्या पत्त्यावर राग उतरत नाही, मॅडम.”

मग इंग्रजीत मेल लिहायचे आणि मराठीत मोठ्यांदा वाचून दाखवायचे, कोर्टात निकाल वाचावा तशा आवाजात. ऐकता ऐकता चिडलेल्या माणसाची मान ताठ व्हायची. शेवटी भाऊ स्वतः बाजूला सरकायचे. सेंडचं बटण ज्याचा राग त्यानंच दाबायचं, हा नियम. टक्. मेल आउटबॉक्समध्ये. “मुरू दे.” फडकं.

सकाळी चहाच्या वेळी त्या माणसाला परत बोलावणं जायचं. “हं, वाच. पाठवायची?” रात्री जेवून, झोपून आलेला माणूस स्वतःचीच मेल ऐकून लाजायचा. “नको भाऊ, पुसा.” भाऊ पुसायचे. मग खणात अडलेल्या कामाच्या मेल दुसऱ्या बटणाने रवाना व्हायच्या.

माझीही एक होती. मॅनेजरसाहेब सगळ्यांदेखत मला म्हणाले होते, “तुम्ही बोलण्याचा पगार घेता की कामाचा?” त्यावर भाऊंनी अशी मेल लिहिली, की वाचून मला मॅनेजरांचीच दया आली. सकाळी पुसली. तुमच्या ऑफिसातही असेल असा एखादा, सगळ्यांचं ऐकून घेणारा. पण त्याच्याकडे दुसरं बटण आहे का, बघा.

मग हेड ऑफिसचं फर्मान आलं. जुने कॉम्प्युटर धोक्याचे, व्हायरस शिरतात, सगळे बदला. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधला हरेश नवी यंत्रं घेऊन टेम्पोतून आला आणि दुपारपर्यंत जुनी यंत्रं भरून घेऊन गेला.

भाऊंचा आठवडा सुतकात गेला. “माझी मेलची पाकिटं कुठं गेली? ट्रान्सपोर्टवाल्यांचं निळं पाकीट होतं, कस्टमचं लाल होतं.” नव्या पडद्यावर सगळं पांढरंफटक. कोपऱ्यात कुणाचं ना कुणाचं काहीतरी उडी मारून वर यायचं. मी काचेपलीकडून हसत होते. भाऊंनी हरेशला फोन लावला. “अरे, दुसरं बटण दिसत नाही.”

“काका, टेन्शन नका घेऊ. नवीन आहे ना, सब अपने आप होता है.”

भाऊंनी त्याचा अर्थ असा घेतला, की दिवसातून एकदा, सकाळी उशिरा कधीतरी, यंत्र स्वतःच खण रिकामा करत असणार. पोस्टाची पेटी ठरल्या वेळी उघडतात तसा. कामाच्या मेल पोचत होत्या, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात यशोदा आली.

यशोदा पॅकिंगला, कंत्राटी. बदलापूरच्या पलीकडच्या गावातून यायची. तिचं हसणं पॅकिंगमधून डिस्पॅचपर्यंत ऐकू यायचं. त्या दिवशी ती हसत नव्हती. पावडरीने तिच्या बोटांची सालं निघाली होती. कंत्राटदार हातमोजे देईना आणि मागितले तर म्हणे, “नखरे घरी करायचे.”

“लिव्ह भाऊ,” ती स्टुलावर बसत म्हणाली. “माजा नाव टाक. त्याचा पन टाक. बोटांचा सगला लिव्ह.”

भाऊंनी हात धुतले, मालकांचा पत्ता टाकला. लिहिलं. वाचून दाखवलं. यशोदा ऐकताना रडली आणि शेवटी हसली, ते नेहमीचं, दोन शेड ओलांडणारं हसू. “आता पाठवू नको हां!”

“कोण पाठवतंय? दाब तू. मुरू दे रात्रभर.”

तिनं सालं निघालेल्या बोटानं बटण दाबलं. टक्.

सकाळी ती भाऊंसाठी चहा घेऊन आली. भाऊ पडद्यावर खण शोधत होते. वर बघितलं, खाली बघितलं, चष्मा पुसला. शेवटी हरेशला फोन. तो स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं.

“आउटबॉक्स कुठंय रे?”

“अरे काका, आउटबॉक्स की जरूरतच नाही आता. दबाया की सीधा जाता है.”

मी नाटकी बाई आहे, हे कबूल. पण त्या क्षणी भाऊंच्या चेहऱ्याचं जे झालं, त्याची नक्कल मी आजवर कुणाला करून दाखवलेली नाही. यशोदा चहा हातात घेऊन विचारत होती, “काय झाला? पुसलास ना?”

मालकांच्या ऑफिसातून मेल जेवणाच्या सुट्टीआधी परत खाली आली. कुणाकडे, तर आमच्या मॅनेजरकडे. वर दोनच शब्द: ‘पाहून घ्या’. साहेबांनी ती कंत्राटदाराला दाखवली आणि त्यानं पाहून घेतलं. दुसऱ्या दिवशी गेटवर वॉचमननं यशोदाला सांगितलं, “तुझं नाव यादीत नाही.”

भाऊ केबिनमध्ये गेले तेव्हा फायली घेऊन मीही तिथेच होते.

“सर, चूक माझी. ते पाठवायचं नव्हतं.”

“पाठवायचं नव्हतं, तर लिहिलंत कशाला?”

या प्रश्नाचं उत्तर खाली पॅकिंगपासून बॉयलरपर्यंत प्रत्येकाला ठाऊक होतं, पण ते केबिनमध्ये सांगण्यासारखं नव्हतं. भाऊ म्हणाले, “मला काढा. तिला घ्या.”

“तुम्ही पर्मनंट आहात हो. तुम्हाला कसं काढणार?” साहेब म्हणाले, आणि ते खरोखर समजुतीच्या सुरात म्हणाले. भाऊंना एक ताकीद मिळाली, कागदावर. यशोदाला काहीच मिळालं नाही, कागदसुद्धा.

महिन्याभरानं माझ्या टेबलावर एक मागणी आली. पॅकिंग विभागासाठी रबरी हातमोजे, जाड, कोपरापर्यंतचे, तातडीने. ऑर्डर मीच काढली. हेड ऑफिसमधून कुणीतरी पाहणीला येणार होतं म्हणे. खोकी आली, बायकांनी मोजे घातले, फोटो निघाले.

भाऊ पार्टिशनच्या माझ्या बाजूला आले. असे कधी यायचे नाहीत.

“मॅडम, म्हणजे मेल गेल्यावर मोजे आले.”

“हो.”

“इतकी वर्षं मी पुसत होतो, त्यातल्या किती जणांचं काय काय आलं असतं?”

बोलण्याचा पगार घेणाऱ्या बाईने उरलेल्या मोज्यांचं खोकं नुसतं पुढे सरकवलं. भाऊंनी खोक्यातून मोज्यांची एक जोडी घेतली. स्टोअरच्या रजिस्टरवर रीतसर सही केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘यशोदा, पॅकिंग’.

त्यानंतर भाऊंनी मेल लिहिणं सोडलं. चिडलेली माणसं येऊन स्टुलावर बसायची, ते म्हणायचे, “घरी जाऊन बायकोशी बोल.” हळूहळू स्टूलही कुणीतरी उचलून नेलं. कामाचीसुद्धा मेल लिहीत नसत. गाडी भरली हे सांगायला दुखऱ्या गुडघ्याने लॅबपर्यंत चालत जायचे, मग अकाउंट्सला, मग गेटवर. नवी पोरं हसायची. “भाऊ, एक मेसेज टाका ना.” भाऊ म्हणायचे, “तोंडानं सांगितलेलं मागे घेता येतं.” हे खरं आहे की नाही, मला माहीत नाही. माझा अनुभव उलटा आहे. पण त्यांना चालताना पाहून वाद घालवत नसे.

एका रविवारी मी कॅम्प तीनला पडद्याचं कापड घ्यायला गेले, तर हरेशच्या दुकानात भाऊ. काउंटरवर दोन्ही कोपर टेकून ते विनवत होते. “माझंच जुनं मशीन दे. बाजूला खरचटलेलं होतं बघ, ते.”

“काका, वो तो भंगार आहे. त्याच्यावर नेट चालणार पण नाही.”

“नकोच आहे नेट.”

हरेशनं माळ्यावरून धूळ झटकत तो डबा काढला. मला बघून भाऊ शाळा बुडवलेल्या मुलासारखे हसले. आम्ही एकाच शेअर रिक्षातून परत आलो. डबा त्यांच्या मांडीवर, वर त्यांचे दोन्ही हात. मी म्हटलं, “त्यावरून आता काहीच पाठवता येणार नाही, भाऊ.”

“म्हणून तर घेतलं.”

पुढे ते निवृत्त झाले. नारळ, शाल, घड्याळ. भाषण करा म्हटलं तर हात जोडून बसून राहिले. आणि वर्षभरातच बातमी आली की भाऊ गेले. सकाळी चहा घ्यायला उठलेच नाहीत.

मी भेटायला गेले. वहिनींनी बाहेरच्या खोलीत बसवलं. कोपऱ्यात तो कॉम्प्युटर, कीबोर्डवर पिवळं फडकं.

“रोज संध्याकाळी तासभर खटखट करायचे,” वहिनी म्हणाल्या. “आधी हात धुवायचे. सकाळी चहा घेऊन परत बसायचे. काय लिहायचे, तुम्हाला माहितीय?”

त्यांनीच यंत्र सुरू केलं. पडदा उजळला आणि तोच जुना प्रोग्राम दिसला, निळं पाकीट, लाल पाकीट, सगळं जागच्या जागी. मी आउटबॉक्स उघडला.

रिकामा होता. रोज लिहिलेलं ते रोज सकाळी पुसत होते.

“काही नाही हो वहिनी,” मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

निघताना त्यांनी एक पिशवी दिली. आत हातमोज्यांची ती जोडी, अजून प्लॅस्टिकमध्ये. “हे घेऊन दोनदा बदलापूरकडे गेले होते. तिनं दार उघडलं नाही म्हणे. तुम्ही द्याल?”

पॅकिंगच्या बायकांकडून कळलं की यशोदा आता उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात धागे कापते. गल्लीतली एक लांबट खोली, जमिनीवर पँटींचे डोंगर, त्यामधे बसलेल्या बायका. यशोदाची बोटं बरी झाली होती, पण आता ती निळी होती, नखांपर्यंत.

“मॅडम? तुमी हितं?”

मी पिशवी दिली. “भाऊंनी दिलेत.”

तिनं प्लॅस्टिक काढलं नाही. नुसतं धरून बसली. “दोनदा आला व्हता तो. मी कडी काढली नाय. बाहेरून बोलत व्हता, नवा मशीन, जुना मशीन. माना सगला समजत व्हता. बटन त माज्याच बोटानी दाबला ना. पन तवा कुनाला तरी शिव्या द्याच्या व्हत्या, मॅडम. माज्याकडं कुठं हाय तसा कंप्युटर?”

मग तिनं एक मोजा चढवला, कात्री घेतली आणि पँटीचा धागा चिमटीत धरायला गेली. धागा सुटला. परत धरला, परत सुटला. आणि ती हसली. तेच, दोन शेड ओलांडणारं हसू. शेजारच्या बायकांनी माना वर केल्या.

“भाऊला सांगा,” मोजा काढत ती म्हणाली, “आता ये म्हनावा. कडी नाय लावनार. चा पाजीन त्याला, त्या दिशीचा तसाच र्‍हायला.”

माझं तोंड उघडलं होतं. वाक्य जिभेवर आलं होतं.

“सांगते,” मी म्हटलं.

रिक्षात बसल्यावर ठरवलं, आज नको, भाऊ गेल्याचं पुढच्या खेपेला जाऊन नीट सांगू. परवा रिक्षा त्याच गल्लीच्या तोंडाशी थांबली होती. एक बाई उतरली, एक चढली. मी सरकून तिला जागा दिली.