निळं दार

दुपारी जेवण झाल्यावर पुष्पलता कापगते आरामखुर्चीत पाठ टेकते. मांडीवरचं वर्तमानपत्र घसरतंय, डोळे मिटू मिटू होताहेत. नगराध्यक्षपदाचा अर्ज मागे घ्यायची उद्या शेवटची तारीख. बावीस वर्षं बँकेत साहेब होती, ही बाई आपली कशी होईल, असं चौकात बोलतात. अर्ज ठेवावा की मागे घ्यावा, तिचं ठरत नाही.

"मॅडम, चहा."

समोर यादोराव मेश्राम उभा आहे, तिच्या शाखेतला शिपाई. त्याला जाऊन चार वर्षं झाली, पण तो इतका सहज आलाय की तिला नवल वाटत नाही. गुडघे कसे आहेत, ती विचारते. आता दुखत नाहीत म्हणतो. आरामखुर्ची कधीच बँकेतली खुर्ची झालीय आणि काउंटरच्या पलीकडे तळ्याचं पाणी हलतंय. चहात आलं जास्त, तिला आवडायचं तसंच. तिला एकदम भरून येतं.

"यादोरावभाऊ, तुम्ही मला मत दिलं असतं?"

तो चहाचा कप तिच्याजवळ सरकवतो.

"नाई जी, मॅडम."

तिला लागतं. तो मात्र हसतोय, घरच्या पोरीला समजवावं तसा. मॅडमनी कुणाचा एक पेढाही फुकट खाल्ला नाही, हे आपण गावभर सांगायचो, म्हणतो. मग आवाज खाली आणतो.

"पण कर्ज नाकारल्याचं पत्र तुमी लिहीत होत्या, न् ज्याच्या त्याच्या घरी न्यायले मले पाठवत होत्या. लोकायचे चेहरे मीच पाहेले."

आपल्याला त्या चेहऱ्यांची भीती वाटायची, हे ती आज पहिल्यांदा कुणाला सांगते.

"मले माहीत होतं," यादोराव म्हणतो. "म्हून तर जात होतो ना."

दोघं तळ्याच्या पाळीवरून चालताहेत. पाळ संपते तिथे शेवंताबाई हटवारचं घर, दाराला नुकताच निळा रंग दिलेला. शिलाई मशीनसाठी मागितलेलं तिचं कर्ज पुष्पलतानेच नाकारलं होतं. ती वळून बघते. यादोराव दहा पावलं मागेच थांबलाय.

"या वेळी तुमीच, मॅडम."

ती दार वाजवते. आतून पावलं जवळ येतात.

डोळे उघडतात. खुर्ची घरातलीच, वर पंखा फिरतोय. उजव्या हाताच्या बोटांवर, पेरांपाशी, ओला निळा रंग लागलाय.

तो न पुसताच पुष्पलता चपला घालते आणि शेवंताबाईच्या घराकडे निघते.